सहा रस

चाळीसगावाजवळील पाटणादेवीच्या देवळांत भास्कराचार्यांच्या नातवाचा, चंगदेवाचा, शिलालेख पाहून आम्ही परतत होतों. आगगाडींत वडिलांनीं मला 'लीलावती'तील (इ. स. ११५०) प्रश्न घातला : सहा रसांचीं मिश्रणें किती? मीं मोठ्या ऐटीनें तिखट-गोड, गोड-तिखट अशी वही भरविली. धुळें येईतों सत्तरीही ओलांडली! वडील केवळ हसले. मी मनांतून खजील झालों.

रात्रीं युक्ति सुचली : रसांचा क्रम ठरवून प्रत्येक रस केवळ आपल्या पुढच्यांशींच जोडावा, मागें पाहूंच नये. मग पुनरुक्ति होत नाहीं. एकेरी ६, दोहोंचीं १५, तिहींचीं २०, पुढें १५, ६, १, एकंदर ६३. आचार्यांना तर मोजण्यासाठीं यादीही नको! ६ ला ५ नें गुणून २ नें भागिलें, कीं १५. त्यास ४ नें गुणून ३ नें भागिलें, कीं २०.

पहांटे वही वडिलांच्या उशाशीं ठेविली.