फिनिक्सचं अंडं

परवा शनिवारी आमचे चिरंजीव कॉम्प्युटरवर गेम खेळत बसले होते आणि मी मागे उभा राहून फुकटचे सल्ले देत होतो. गेम ओळखीचाच, 'एज ऑफ मिथॉलॉजी'. मूळ गेम २००२ सालचा. पहिल्या नोकरीत असताना आम्ही चार रूममेट्स शुक्रवारी रात्री हॉलमध्ये केबल्सचं जाळं पसरून पहाटेपर्यंत तो खेळायचो. २०२४ मध्ये 'रीटोल्ड' नावाने त्याची नवी आवृत्ती आली आणि आता पोरगं माझ्याच जुन्या चुका नव्या ग्राफिक्समध्ये करतंय.

ज्यांनी हा गेम खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एक संस्कृती निवडायची, शेती करायची, सोनं खणायचं, देवांना खूश ठेवायचं. मग देव पुराणातले प्राणी मदतीला पाठवतात. इजिप्तकडून खेळताना पुढच्या टप्प्यात थॉथ या देवाची निवड केली की फिनिक्स मिळतो. आकाशातून आग ओकत फिरणारा पक्षी. खरी गंमत मात्र तो मेल्यावर. जमिनीवर एक अंडं उरतं. शत्रूने ते फोडायच्या आत थोडा खर्च केलात की स्वारी पुन्हा हजर! ('वॉरक्राफ्ट ३'च्या २००३ सालच्या विस्तारातही फिनिक्स मेला की अंडंच उरायचं.) आम्ही तेव्हा ऑफिसात वारंवार पडणाऱ्या सर्व्हरला फिनिक्स म्हणायचो.

तर चिरंजीवांचा फिनिक्स पडला. मी हळहळलो. तो म्हणाला, "टेन्शन नाही बाबा, अंडं आहे ना." आणि स्क्रीनवरून नजर न काढता पुढे म्हणाला, "आबांचं असं का नाही?"

माझे वडील गेल्या दिवाळीच्या आधी गेले. हा नऊ वर्षांचा. इतके महिने त्याने काही विचारलं नव्हतं. मी "अरे, ते अंडं वाचव आधी," असं काहीतरी बोलून चहा टाकायला आत गेलो.

रात्री झोप येईना. मग आपल्या जमातीचा नेहमीचा उपाय केला, वाचत बसलो.

इजिप्तचा मूळ पक्षी म्हणजे बेन्नू. त्याचं ठाणं हेलिओपोलिसला, सूर्याच्या देवळात. ती जागा आज कैरोच्या मतारिया भागात आहे आणि पहिल्या सेनुस्रेत राजाने उभारलेला एक ओबेलिस्क तिथे अजून उभा आहे. राणी नेफर्तारीच्या थडग्यात या बेन्नूचं सुंदर चित्र आहे. लांब पाय, लांब चोच, डोक्यामागे दोन पिसांचा तुरा. म्हणजे चक्क बगळा! त्याच्या नावाचा संबंध उगवणं, झळकणं या अर्थाच्या क्रियापदाशी लावतात. सृष्टीच्या आरंभी सगळीकडे पाणीच पाणी होतं आणि त्यातून पहिला उंचवटा वर आला, अशी इजिप्तची कल्पना. त्या उंचवट्यावर येऊन बसला तो हा बगळा. दरवर्षी नाईलचा पूर पाहणाऱ्यांना हे चित्र सुचलं तर नवल नाही. मेल्यानंतर बेन्नूचं रूप घेता यावं म्हणून मृतांच्या पुस्तकात एक खास मंत्रही आहे, ८३वा.

या सगळ्यात बगळा जळून राख झाला, असं कुठेच नाही. आग आली ती पुढे, रोमन काळातल्या लेखकांकडून.

मधला दुवा हिरोडोटस. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार. बेन्नू आणि ग्रीकांचा फिनिक्स यांचं नातं नक्की किती जवळचं, यावर अभ्यासकांत वाद आहेत, पण हिरोडोटसने गोष्ट नोंदवली आहे ती हेलिओपोलिसच्या लोकांच्या हवाल्याने. पक्षी आपण चित्रातच पाहिला, लाल-सोनेरी, गरुडाएवढा, असं तो सांगतो. गोष्टीवर आपला विश्वास नाही हेही स्पष्ट लिहितो. (असा प्रामाणिकपणा आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये कधी दिसला नाही. असो.)

गोष्ट अशी. फिनिक्स पाचशे वर्षांनी एकदा इजिप्तला येतो, बाप मेला की. आधी तो गंधरसाचं, म्हणजे सुगंधी डिंकाचं, एक अंडं बनवतो, आपल्याला पेलेल एवढं जड. ते उचलून उडून बघतो. जमतंय अशी खात्री झाली की अंडं आतून पोखरतो, वडिलांना आत ठेवतो आणि भोक पुन्हा गंधरसाने बुजवतो. वजन पहिल्याइतकंच भरतं. मग ते घेऊन अरबस्तानातून थेट सूर्याच्या देवळात.

बस. जिवंत होणं नाही, आग नाही. एक मुलगा, त्याचे वडील आणि लांबचा प्रवास.

आधी लोड टेस्टिंग करणारा हा पक्षी एरवी मला भयंकर आवडला असता. पण त्या रात्री मला पुणे-नाशिक रस्ता आठवला. मांडीवर लाल फडक्यात बांधलेला कलश. मी कसलाही सराव केला नव्हता. आणि वजन? माझ्या लॅपटॉपच्या बॅगेपेक्षा कमी. त्याचाच मला राग येत होता. सहा फुटी माणूस, मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवणारा, एवढा हलका कसा काय?

रविवारी सकाळी चिरंजीवांना पाषाण तलावावर नेलं. काठाशी राखी बगळा उभा होता, ढिम्म. (त्याच्या लॅटिन नावातल्या 'सिनेरिया'चा अर्थही राखेच्या रंगाचा असाच.) "हा बघ, खरा फिनिक्स ह्याच्या जातीचा," म्हटलं. साहेबांची निराशा लपेना. मग हिरोडोटसची गोष्ट सांगितली, अंड्यासकट. थोडा वेळ गप्प बसला.

"आपण नाशिकला आबांना तसंच नेलं?"

"हो."

"जड होतं?"

"नाही रे. पण काकाला मी गाडी हळू चालवायला सांगितली होती."

त्याने मान डोलावली. घरी येऊन पुन्हा गेम लावला. फिनिक्स पुन्हा पडला. यावेळी अंड्याभोवती त्याने चार भालेवाले उभे केले. मी मागे उभा होतो, पण सल्ला दिला नाही.