पहाटे साडेपाचच्या आतलं दूध

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी पट्ट्यात सॉफ्टवेअर बिघडलं की एक कारण सगळ्यांच्या तोंडी तयार असतं: रेंज नाही. हिर्डोशीवरून वरंध घाटाकडे किंवा वेल्ह्यापुढे पासली-केळदच्या बाजूला गेलेल्या कुणालाही ते पटतं, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. तरीही माझ्या कामात मला सगळ्यात जास्त नडतं ते हेच उत्तर. ते एकदा मिळालं की पुढे कुणी शोधत नाही आणि खरा दोष आत तसाच राहतो.

मी डॉटनेटवर चालणाऱ्या प्रोग्रॅममधले दोष शोधतो. डॉटनेट ही मायक्रोसॉफ्टची चौकट २००२ साली आली, तेव्हा ती फक्त विंडोजसाठी होती. नोव्हेंबर २०१४मध्ये कंपनीने तिचा गाभा मुक्तस्रोत करत असल्याचं जाहीर केलं आणि जून २०१६मध्ये आलेली डॉटनेट कोअरची पहिली आवृत्ती विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालू लागली. तेव्हापासून अनेकांनी खर्च वाचवायला आपले सर्व्हर लिनक्सवर नेले. प्रोग्रॅम तोच राहतो, बहुतेक वेळा एक ओळही बदलावी लागत नाही. मात्र ज्या गोष्टी तो न विचारता गृहीत धरत आलेला असतो त्या बदलतात. फाइलच्या नावातलं लहान-मोठं इंग्रजी अक्षर विंडोजला सारखंच, लिनक्सला वेगळं. घड्याळाचंही तसंच, आणि इथे सांगतोय तो दुधाचा घोळ तिथेच झाला होता.

या भागातल्या एका दूध संकलन व्यवस्थेचं काम माझ्याकडे आलं. गावातल्या केंद्रावर दूध घातलं की लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) काट्यावरच्या पावतीवर छापून येतात आणि तीच नोंद फोनवरून सर्व्हरला जाते. दर दहा दिवसांनी बिल निघतं. तक्रार अशी की वरच्या गावांतल्या काही सभासदांच्या सकाळच्या नोंदी अधूनमधून गायब होतात. पावती हातात आहे, बिलात दूध नाही. रोज होत नाही, सगळ्यांचं होत नाही, आणि खाली विंझर-मार्गासनीकडे तर कधीच होत नाही. अर्थात रेंज.

अशा वेळी आमच्या लोकांचा हात पहिल्यांदा अवजारांकडे जातो. डॉटनेट-ट्रेसने चालत्या प्रोग्रॅमचा माग काढता येतो, डॉटनेट-डम्पने त्याच्या स्मृतीचा त्या क्षणीचा ठसा घेता येतो, डॉटनेट-काउंटर्सवर ताण आकड्यांत दिसतो. ही सगळी उत्तम अवजारं आहेत आणि सगळी फुकट आहेत. पण प्रश्न कुठला विचारायचा ते त्यांना आपणच सांगावं लागतं. म्हणून आधी हरवलेल्या दुधाच्या कागदी पावत्या मागवल्या. सभासदांनी त्या जपून ठेवल्या होत्या. घरोघरी बायकांनी डब्यात, फडताळात, देवघरामागे. त्या टेबलावर ओळीने मांडल्या. पाच वाजून दहा मिनिटं. पाच बावीस. चार अठ्ठावन्न. साडेपाचच्या पुढची एकही नव्हती.

भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. पहाटे पाच-दहाला केळदमध्ये दूध मोजलं जातं तेव्हा जागतिक घड्याळात आदल्या दिवशीचे रात्रीचे अकरा-चाळीस वाजलेले असतात. जुना विंडोज सर्व्हर भारतीय वेळेवर लावलेला होता. नवा लिनक्सवरचा, त्या जगातल्या रिवाजाप्रमाणे, जागतिक वेळेवर. प्रोग्रॅम मात्र पूर्वीसारखाच ‘डेटटाइम डॉट टुडे’ला आजची तारीख विचारत होता आणि ते इमानाने कालची सांगत होतं.

मग नोंद कालच्या तारखेत सापडायला हवी होती, गायब का व्हावी? इथे रेंजचा संबंध येतो, पण वेगळाच. फोनला उत्तर वेळेत मिळालं नाही तर तो तीच नोंद पुन्हा पाठवतो. दुबार नोंद होऊ नये म्हणून सर्व्हरवर नियम होता: एकाच सभासदाची, एकाच तारखेची, सकाळची दुसरी नोंद आली तर ती सोडून द्यायची आणि फोनला ‘झालं’ म्हणून कळवायचं. नियम शहाणपणाचाच होता. पण काल दूध न्यायला येणारा टेम्पो उशिरा आला, दूध पाच-चाळीसला मोजलं. आज लवकर आला, पाच-वीसला मोजलं, की आजच्या नोंदीवर कालची तारीख पडायची आणि ती दुबार ठरून गळायची. टेम्पो रोजच लवकर आला तर सगळंच एक दिवस मागे सरकायचं आणि कुणाच्या लक्षातही यायचं नाही. म्हणून ‘अधूनमधून’.

टेम्पो वरच्या टोकाला केळदहून सुरू होतो, पासली, वेल्हे, विंझर, मार्गासनी करत नसरापूरला हमरस्त्याला लागतो. सगळ्यात आधी दूध मोजलं जातं ते सगळ्यात वरच्या गावात, आणि रेंज सगळ्यात कमी तीही तिथेच. दोन्ही कारणांचा नकाशा एकच असल्यामुळे चुकीचं कारण इतके महिने खरं वाटत राहिलं. सर्व्हर हलवला होता पावसाळ्यात, तेव्हा गाड्या उशिरा धावत होत्या. दूध नासू नये म्हणून उन्हाळ्यात टेम्पो लवकर निघू लागला तेव्हा तक्रारी आल्या, आणि त्या दोन गोष्टी कुणी जोडून पाहिल्या नाहीत.

दुरुस्ती थोडक्यात झाली. तारीख आता दूध मोजल्याच्या वेळेवरून आणि ‘एशिया/कोलकाता’ या विभागाचं नाव घेऊन ठरते. विंडोजवर याच विभागाला वेगळं नाव आहे. नोव्हेंबर २०२१च्या डॉटनेट ६पासून दोन्ही नावं दोन्हीकडे चालतात, त्याआधी तेही आपणच सांभाळावं लागे. सोडून दिलेल्या नोंदी सर्व्हरच्या लॉगमध्ये शिल्लक होत्या. त्या पावत्यांशी ताडून पुढच्या बिलात सभासदांचे पैसे भरून दिले. घरात दोन म्हशी असणाऱ्याला एका सकाळचं दूध ही लहान गोष्ट नसते.

त्याच केंद्रांवर दुसरा एक दोष निघाला, तो भाषेचा. फॅटच्या रकान्यात कुणी मराठी कीबोर्डवरून ‘४.२’ लिहिलं की ॲप बंद पडायचं. गंमत अशी की तपासणी पार व्हायची. ती करणाऱ्या डॉटनेटच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये ‘अंक’ म्हटलं की देवनागरी अंकही धरले जातात. पण पुढे त्या मजकुराची संख्या करणारं फंक्शन फक्त इंग्रजी शून्य ते नऊच ओळखतं. दारावरचा माणूस आत सोडतो आणि आतला ओळख दाखवत नाही. हे मी अंदाजाने म्हणत नाही. डॉटनेटचा स्रोत खुला असल्यामुळे ते फंक्शन उघडून ती अट डोळ्यांनी वाचता येते. बंद चौकटीत असं काही झालं की आम्ही बाहेरून टकटक करत बसायचो. आता अंक टाइप होतानाच इंग्रजीत बदलून घेतले जातात, आणि ज्याला ज्या अंकांत लिहायचंय त्याने लिहावं.

सध्या हातात आहे ते तालुक्याच्या नावाचं काम. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचं नाव ‘राजगड’ करायला मंजुरी दिली. ज्यांनी माहितीच्या तक्त्यांत तालुक्याचं नाव हीच ओळख धरली होती, त्यांच्याकडे वेल्ह्याचे सभासद एका बाजूला आणि राजगडचे दुसऱ्या बाजूला असे दोन तालुके तयार होतात आणि बेरजा चुकतात. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या निर्देशिकेत प्रत्येक तालुक्याला आणि गावाला क्रमांक आहे. ओळख म्हणून तो धरायचा आणि नाव नुसतं दाखवायला ठेवायचं, हा मार्ग सरळ आहे. अडचण जुन्या बिलांची आहे. ती पुन्हा छापली तर त्यांवर वेल्हेच यायला हवं, कारण बिल निघालं तेव्हा तालुक्याचं नाव तेच होतं. म्हणून नावाच्या तक्त्यात ‘कधीपासून’ आणि ‘कधीपर्यंत’ असे दोन रकाने वाढवले आहेत, आणि त्यांतली तारीखही भारतीय वेळेनेच धरली आहे.