तिसरा संच

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात मी एकतीस वर्षे नोकरी केली. मुलांची शिक्षणे, घरावरचा स्लॅब, आईचे औषधपाणी, सारे त्या धुरांड्याच्या जिवावर झाले. माझ्या पाळीत धुरातली राख नीट अडवली जाई, याचा मला अभिमान होता. राख दिसते, कार्बन डायऑक्साइड दिसत नाही. निवृत्तीनंतर एकदा नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही सोडलेला धूर आता कुठे असेल?" त्या प्रश्नापायी मी वाचू लागलो आणि कॅनडातील एका जुन्या संचापाशी येऊन थांबलो.

सस्कॅचेवान प्रांतात एस्टेव्हनजवळ बाउंड्री डॅम हे लिग्नाइटवर चालणारे केंद्र आहे. तेथील तिसरा संच मोडीत न काढता त्याचे नूतनीकरण केले व त्याला वायू अडवणारी जोड दिली. खर्च सुमारे दीड अब्ज कॅनेडियन डॉलर. ऑक्टोबर २०१४ मध्ये ती सुरू झाली.

वाचकांची क्षमा मागून थोडे यंत्राविषयी. धुरातील गंधक काढून तो उंच मनोऱ्यात अमाइनच्या द्रावणातून नेतात. द्रावण कार्बन डायऑक्साइड धरून ठेवते. दुसऱ्या मनोऱ्यात त्याला वाफेने तापवले, की ते वायू सोडते व पुन्हा कामाला लागते. माझे मन त्या वाफेवर अडले. ती टर्बाइनच्याच वाट्याची! म्हणून सुमारे १६० मेगावॅटच्या संचातून बाहेर जाते सुमारे ११५. आमच्याकडे दहा मेगावॅट कमी पडले, तरी वरून फोन येत असे.

रचनेप्रमाणे ९० टक्के वायू, वर्षाला दहा लाख टन, अडायला हवा होता. प्रत्यक्षात तेवढा अडला नाही. अडवलेला बहुतेक वायू वेबर्नच्या तेलक्षेत्रात जमिनीत सोडतात, म्हणजे आणखी तेल वर यावे. हे वाचून मी खिन्न झालो. चौथ्या-पाचव्या संचांना अशी जोड न देण्याचे २०१८ मध्ये ठरले.

नातीला मी खरे ते सांगितले. एस्टेव्हनचा मनोरा आजचा धूर अडवतो. माझ्या एकतीस वर्षांचा पुष्कळसा अजून वरच आहे, ती म्हातारी होईल तेव्हाही असेल.

"तुमच्या केंद्राला का नाही बसवला?" तिने विचारले.

२०१४ साली मी नोकरीतच होतो. पाळीवरचा माणूस काय बसवणार? पण आम्ही कुणी तसे विचारलेही नाही, हेही मी तिला सांगितले.