दुसरा गाल, तीन वर्षे

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ संध्याकाळी मला भेटावयास आले. कामाच्या ठिकाणी जातीवरून होणारे टोमणे ऐकून ते खचले होते. मी डोंगरावरील प्रवचनाचा आधार घेऊन त्यांना दुसरा गाल पुढे करण्याचा सल्ला दिला. निरोप घेताना त्यांनी एवढेच विचारले, "किती दिवस, फादर?" मी काहीतरी उत्तर दिले असावे, ते आता आठवत नाही. प्रश्न मात्र आठवतो. पुढे जॅकी रॉबिन्सन ह्या अमेरिकन बेसबॉलपटूचे चरित्र वाचताना तो मला पानोपानी भेटत राहिला.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्या वाचकांना मी बेसबॉलचे नियम सांगत बसत नाही. मलाही ते धड कळत नाहीत. आपल्याकडे क्रिकेटला जे स्थान, तेच तिकडे बेसबॉलला, इतके ध्यानात घेतले म्हणजे पुरे. १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलेडोच्या संघातून वरिष्ठ लीगमध्ये खेळला होता. त्यानंतर दार बंद झाले. तसा लेखी नियम कोठेही नव्हता, संघमालकांची आपसांतील समजूत पुरेशी होती. कृष्णवर्णीयांनी मग आपल्या वेगळ्या लीग उभारल्या आणि तेथे एकाहून एक सरस खेळाडू वरिष्ठ लीगचे मैदान न पाहताच म्हातारे झाले.

रॉबिन्सनचा जन्म १९१९ साली जॉर्जिया राज्यातील कैरो गावी, वाट्याने शेती करणाऱ्या कुटुंबात झाला. वडील घर सोडून गेले. आई मॅली हिने पाच मुलांना घेऊन कॅलिफोर्नियातील पॅसाडेना गाठले आणि लोकांच्या घरी धुणीभांडी करून त्यांना वाढविले. थोरला भाऊ मॅक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये जेसी ओवेन्सच्या मागोमाग दुसरा आला आणि मायदेशी परतल्यावर त्याच्या हाती रस्ते झाडण्याचा झाडू आला. जॅकी हे सारे पाहत होता. तो मुळात गरीब गाय नव्हता, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. १९४४ साली टेक्सासमधील सैनिकी तळावर, लेफ्टनंट असताना, बसमध्ये मागे जाऊन बसण्याचा हुकूम त्याने मानला नाही. त्यासाठी त्याच्यावर लष्करी न्यायालयात खटला भरण्यात आला व तो निर्दोष सुटला.

अशा ह्या तापट तरुणाला २८ ऑगस्ट १९४५ रोजी ब्रुकलिन डॉजर्स संघाचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी बोलावून घेतले. रिकी हे कट्टर मेथडिस्ट, आईला दिलेल्या शब्दाखातर रविवारी मैदानावर पाऊल न टाकणारे. ते साधुपुरुष होते असे मात्र कोणी समजू नये. कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या तिकिटांचा हिशेब त्यांना उत्तम कळत होता, आणि रॉबिन्सन ज्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघातून आला त्या संघाला त्यांनी एक डॉलरही दिला नाही. त्या भेटीत त्यांनी रॉबिन्सनला मिळणाऱ्या शिव्यांचा पाढाच वाचला, स्वतः शिव्या देणाऱ्यांची सोंगे वठविली. मग पापिनी ह्या इटालियन लेखकाचे ख्रिस्तचरित्र काढून त्यातील अप्रतिकारावरील उतारा वाचून दाखविला. सेमिनरीत मी हे पुस्तक चाळले होते. ते बेसबॉलच्या कचेरीत उघडले जाईल, असे स्वप्नातही आले नसते. उलटून लढायला भिणारा खेळाडू तुम्हांला हवा आहे काय, असे रॉबिन्सनने विचारले. न लढण्याइतके धैर्य असलेला हवा आहे, असे रिकींचे उत्तर होते. आणि त्यांनी मुदत घातली: तीन वर्षे.

१९४६ चा हंगाम माँट्रियलच्या दुय्यम संघात गेला. १५ एप्रिल १९४७ रोजी, वयाच्या २८ व्या वर्षी, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानावर उतरला. आठवड्याभरातच फिलाडेल्फियाचा संघ आला. त्याचा व्यवस्थापक बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू सामनाभर जे बोलले, ते ह्या पानांवर छापण्याजोगे नाही. त्या दिवशी आपला बांध फुटण्याच्या बेतात होता, असे रॉबिन्सनने पुढे आत्मचरित्रात कबूल केले आहे. तो गप्प राहिला. आठव्या डावात त्याने फटका मारून पहिला बेस गाठला, दुसरा चोरला आणि सामन्यातील एकमेव धाव काढली. दुसऱ्या गालाचा हा प्रकार मला फार आवडतो.

सोबतीही हळूहळू मिळाले. त्याच मालिकेत एडी स्टँकी हा गोरा सहकारी चॅपमनच्या कंपूवर ओरडला, की उलट उत्तर देऊ शकेल असा कोणी शोधा. पत्नी रेचल तर सुरुवातीपासून प्रेक्षकांत बसून प्रत्येक शब्द ऐकत होती. रॉबिन्सनने गिळलेला संताप घरी कोणत्या वाटेने येत असेल, ह्याचा विचार आम्ही प्रवचनकार सहसा करीत नाही.

१९४९ च्या प्रारंभी मुदत संपली. रिकींनी शब्द पाळला आणि रॉबिन्सनला मोकळे केले. त्या हंगामात .३४२ च्या सरासरीने तो नॅशनल लीगचा अव्वल फलंदाज आणि सर्वोत्तम खेळाडू ठरला. पण आता तो पंचांशी वाद घालू लागला, अपमानाला उत्तर देऊ लागला, आणि काल ज्या वृत्तपत्रांना त्याच्या सहनशीलतेचे कौतुक होते त्यांनाच तो उद्धट वाटू लागला. गोऱ्या अमेरिकेला त्याचा दुसरा गाल प्रिय होता, त्याचे तोंड नव्हे.

येथे मी अडखळलो. मी त्या गृहस्थांना सल्ला दिला होता, पण मुदत सांगितली नव्हती आणि त्यांच्याबरोबर चार पावले गेलोही नव्हतो. हिशेबी रिकींनी दोन्ही केले. त्या गृहस्थांची पुढे दूर बदली झाली. आज ते भेटले तर तो सल्ला मी सर्वस्वी मागे घेईन असे नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या वरिष्ठांच्या दारात त्यांच्यासोबत उभा राहीन.

खेळ सोडल्यावर रॉबिन्सन गप्प बसला नाही. १९५८ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कृष्णवर्णीयांना धीर धरण्याचा उपदेश केला, तेव्हा त्याने त्यांना पत्र लिहून कळविले, की धीर धरण्यात आमच्या लोकांचा हात कोणी धरणार नाही. १९७१ मध्ये थोरला मुलगा मोटार अपघातात गेला. मधुमेहाने दृष्टी मंदावत गेली.

१५ ऑक्टोबर १९७२ रोजी सिनसिनाटी येथे, त्याच्या पदार्पणाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त, भरल्या मैदानात त्याचा सत्कार झाला. केस पांढरे, डोळ्यांना जेमतेम दिसते, वय अवघे ५३. माझ्याच वयाचा म्हणायचा. त्याने आभार मानले, आणि त्याच दमात सांगितले, की संघाचे व्यवस्थापन करणारा कृष्णवर्णीय चेहरा दिसेल तेव्हा आपल्याला अधिक अभिमान वाटेल. नऊ दिवसांनी हृदयविकाराने तो गेला.

१९७४ साली क्लीव्हलँडच्या संघाने फ्रँक रॉबिन्सनला व्यवस्थापक नेमले. नातेवाईक नव्हे, केवळ आडनावबंधू. वरिष्ठ लीगमधील तो पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक. १९७५ च्या एप्रिलमधील त्याच्या पहिल्या सामन्याचा आरंभीचा चेंडू रेचल रॉबिन्सन यांनी टाकला.