सहीपुरता संबंध

आमच्या राज्यात एखाद्या मुलीचं नाव पदवीच्या पहिल्या वर्षाच्या पटावर चढतं, तेव्हा तिच्यामागे तीन मालक उभे असतात. संस्था इमारत बांधते आणि प्राध्यापक नेमते. विद्यापीठ संलग्नीकरण देतं, अभ्यासक्रम ठरवतं, परीक्षा घेतं. महाविद्यालय अनुदानित असेल तर पगार शासन देतं आणि तो उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कार्यालयातून येतो. काही बिनसलं की तिघांपैकी कुणाकडेही बोट दाखवता येतं आणि उरलेले दोघे माना डोलावतात. तालुक्याच्या गावी वाणिज्य शिकवताना ही सोय मीही भरपूर वापरली. आता निवृत्तीनंतर आठवायला बसले तर दिसतं, की ज्या कागदांनी मुलांचं नुकसान केलं त्यातल्या बऱ्याच कागदांवर माझी सही आहे.

सुरुवात जूनपासून करायला हवी, कारण आमचं सगळं राजकारण जूनमध्येच शिजायचं. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवण्याचा कार्यभार दाखवावा लागतो. विषयाला मुलं कमी आली की तुकडी जाते, तुकडी गेली की तास जातात, आणि तास गेले की माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो. म्हणून बारावीचा निकाल लागला रे लागला की आम्ही प्राध्यापक मंडळी माहितीपत्रकं घेऊन आजूबाजूची कनिष्ठ महाविद्यालयं आणि वाड्यावस्त्या पालथ्या घालायचो. एका वर्षी आमच्या विभागातल्या तरुण सहकाऱ्याचा कॉस्टिंगचा कार्यभार भरत नव्हता. दुसऱ्या वर्षाला स्पेशल विषय निवडायला आलेल्या मुलांना मी सरळ सांगू लागले, ‘कॉस्टिंग घ्या, नोकरी हमखास.’ त्यातली कितीतरी मुलं आकडेमोडीला घाबरून बँकिंग घ्यायला आली होती. त्यांचे अर्ज मी माझ्या हाताने दुरुस्त केले. पुढे अनेकांना एटीकेटी लागली, काहींची पदवी रखडली. सहकाऱ्याची नोकरी मात्र टिकली. त्याच्या घरी तेव्हा तान्हं बाळ होतं. आज तीच वेळ आली तर मी काय करीन, हे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही. मुलांना खरं कारण सांगायला हवं होतं, एवढं नक्की.

प्रवेश समितीची प्रमुख झाले तेव्हा मात्र कुणाच्या पोटापाण्याचा प्रश्न आड आलेला नव्हता. तिथे जे झालं ते निव्वळ माझ्या मोठेपणाच्या हौसेपायी.

प्रवेश म्हणजे महाविद्यालयाच्या खिडकीवर फी भरणं, असं मुलांना वाटतं. खिडकीवर होतो तो तात्पुरता प्रवेश. मग गुणपत्रक, दाखला वगैरे कागदांसह अर्ज विद्यापीठाच्या पात्रता विभागाकडे जातो. तिथे तपासणी होऊन मूल ‘पात्र’ ठरलं, की कायम नोंदणी क्रमांक, म्हणजे आमच्या बोलण्यातला पीआरएन, पक्का होतो. आपल्या राज्य मंडळाची मुलं यातून सहसा सुखरूप सुटतात. बाहेरच्या मंडळातून आलेल्या मुलाला त्या मंडळाचं स्थलांतर प्रमाणपत्र आणावं लागतं. त्याला सगळे मायग्रेशनच म्हणतात. ते नसलं की घोडं अडलंच.

ती सीमेपलीकडून आली होती. ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्र हक्क सांगतो, त्यातल्याच एका गावातली. शाळा मराठी, पुढची दोन वर्षं कर्नाटकात पीयूसी. बरोबर वडील. ‘मॅडम, बोलणं मराठी, पण कागद सगळे कर्नाटकाचे,’ असं ते जरा ओशाळून म्हणाले आणि मला एकदम भरून आलं. मागे रांग खोळंबलेली असताना मी तिथेच सीमाभागावर चार वाक्यं ऐकवली. मायग्रेशन नव्हतं. आमच्या हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणत. ते हळूच म्हणाले, ‘मॅडम, हमीपत्र लिहून घ्या. तारीख घाला, नाहीतर राहून जातं.’ मी म्हटलं, ‘अण्णा, घरच्या माणसांकडून कसली हमी घ्यायची?’ अर्जाच्या समासात पेन्सिलीने लिहिलं, ‘मायग्रेशन नंतर’. खाली पेनाने सही ठोकली.

पात्रता विभागाची त्रुटी यादी आली ती दिवाळीच्या सुट्टीत. त्या वर्षी आमच्याकडे नॅकची समिती यायची होती. माझ्या टेबलावर नॅकच्या फायलींचा ढीग, आणि यादी त्याखाली गेली. यादीत तिचं नाव होतं, पुढे ‘स्थलांतर प्रमाणपत्र जोडलेले नाही’ असा शेरा आणि पूर्ततेची शेवटची तारीख. ती तारीख माझ्या नजरेला पडली तेव्हा उलटून गेलेली होती. परीक्षेचा अर्ज अडला तेव्हा ‘पूर्तता करून देऊ’ असं हमीपत्र महाविद्यालयातर्फे मीच दिलं. जी हमी तिच्याकडून घ्यायला मला कमीपणा वाटला होता, ती मी विद्यापीठाला बिनदिक्कत देऊन टाकली. तिला यातलं काही सांगितलं नाही. परीक्षेच्या तोंडावर पोरीला कशाला घाबरवायचं, असा माझा विचार.

निकालात तिच्या नावापुढे गुण नव्हते, ‘राखीव’ एवढंच होतं. आपण नापास झालो असं समजून ती रडत घरी गेली. मग कुठे मी फोन केला. वडिलांनी पंधरवड्याच्या आत मायग्रेशन आणून दिलं. म्हणजे आदल्या जुलैतही ते मिळालंच असतं, कुणी नीट मागितलं असतं तर. विलंब शुल्क भरलं, कागद पुढे सरकले, निकाल सुटला. ती चांगल्या गुणांनी पास होती. तोवर दुसऱ्या वर्षाचे प्रवेश बंद झाले होते. वडिलांनी मला दोष दिला नाही. ‘आमचाच कागद अपुरा होता,’ म्हणाले. त्यावर मी म्हटलं, ‘काय करणार, विद्यापीठाचे नियमच तसे आहेत.’ पुढच्या जूनमध्ये ती आली नाही.

त्याच सुमाराला मला स्थानिक चौकशी समितीवर बोलावणी येऊ लागली. नवं महाविद्यालय काढायचं तर ते ठिकाण विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात असावं लागतं. आराखड्याला मान्यता देतो तो मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालचा आयोग. मग शासनाचं इरादापत्र, अंतिम मान्यता, विद्यापीठाचं संलग्नीकरण. कागदावर चाळण्या भरपूर. वर्ग, ग्रंथालय, शिक्षक प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहायचं काम मात्र आमच्यासारख्या चार जणांचं. आणि आम्हाला न्यायला गाडी यायची तीही त्याच संस्थेची.

अशाच एका नव्या महाविद्यालयात ग्रंथालयाची मांडणी दृष्ट लागण्यासारखी होती. पुस्तकांच्या पाठीवर कोरी लेबलं. मी सवयीने अर्थशास्त्राचं एक पुस्तक उघडलं. आतल्या पानावर नवी चिठ्ठी चिकटवलेली होती, तिच्या कडेखालून जांभळ्या शाईतला जुना दाखल क्रमांक अर्धा डोकावत होता. चिठ्ठीला बोट लावलं तर डिंक अजून ओलसर. त्याच संस्थेच्या दुसऱ्या महाविद्यालयातली पुस्तकं टेम्पोने आणली असणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. मी समितीच्या अध्यक्षांकडे पाहिलं. त्यांनीही ते पाहिलं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं. जेवणाला पुरणपोळी होती.

‘त्रुटींची पूर्तता करण्याच्या अटीवर शिफारस’ हे वाक्य अशा वेळी धावून येतं. त्यात सगळं बसतं: आपण त्रुटी पाहिली हेही, आणि आपण काही केलं नाही हेही. पूर्तता झाली का, हे पाहणार पुढच्या वर्षीची समिती. तिच्यासमोर आधार काय, तर मागच्या वर्षीची शिफारस. मी सही केली. तिथे मुलांचे प्रवेश झाले. मान्यताप्राप्त प्राचार्य कधी आलेच नाहीत, तासिका तत्त्वावरचे शिक्षक येत-जात राहिले. अखेर नवे प्रवेश थांबवून होती ती मुलं पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या महाविद्यालयात वर्ग केली गेली. काही मुलींचं शिक्षण तिथे एसटीच्या वेळापत्रकानेच संपवलं.

एवढं सगळं गाठीशी असताना मी अधिसभेवर निवडून गेले. १९९४ चा कायदा जाऊन महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला होता. अधिसभेत प्राचार्यांच्या दहा, संस्थाचालकांच्या सहा, अध्यापकांच्या दहा आणि नोंदणीकृत पदवीधरांच्या दहा जागा निवडणुकीने भरतात. मतदान पसंतीक्रमाने असतं: नावापुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे. आकड्याऐवजी बरोबरची खूण केलेल्या मतपत्रिका बाद होतात, आणि आमच्या मतदारसंघात तशा बऱ्याच निघाल्या. मतदार सगळे प्राध्यापक.

अधिसभा म्हणजे विद्यापीठाची विधानसभा, असा माझा पक्का समज होता. कायदा न वाचता निवडणूक लढवल्याचा हा परिणाम. कायद्याप्रमाणे अधिसभा अर्थसंकल्प आणि आर्थिक अंदाजांवर बोलते, समाजाचा प्रतिसाद विद्यापीठापर्यंत पोचवते. कारभार आणि धोरण ठरतं व्यवस्थापन परिषदेत, शैक्षणिक गोष्टी विद्यापरिषदेत. तातडीचं असेल तर कलम १२(७) खाली कुलगुरू आधी निर्णय घेऊन मग संबंधित प्राधिकरणाला कळवू शकतात. सगळ्यांच्या वर कुलपती म्हणून राज्यपाल. डिसेंबर २०२१ मध्ये उच्च शिक्षणमंत्र्यांना प्र-कुलपती करणारं दुरुस्ती विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, तेव्हा आम्ही सदस्य काय तावातावाने भांडलो! कुलगुरूंच्या निवडीत शब्द राजभवनाचा चालावा की मंत्रालयाचा, यावर मी एक लेखही लिहिला. २०२२ मध्ये सरकार बदललं, विधेयक मागे घ्यायचं ठरलं, लेख रद्दीत गेला. पात्रता विभागात किती माणसं काम करतात आणि एका माणसाच्या टेबलावर किती अर्ज असतात, हे मात्र मी पाच वर्षांत एकदाही विचारलं नाही.

माझी मोठी करामत त्याआधीची. अर्थसंकल्पाच्या बैठकीत इमारतींवरच्या तरतुदींवर बोलता बोलता मला त्या मुलीची आठवण झाली. खरं तर आठवण नव्हे, मुद्दा सुचला. ‘सीमाभागातली एक मराठी मुलगी आपल्या विद्यापीठात आली आणि एका कागदासाठी आपल्या पात्रता विभागाने तिचा निकाल राखून ठेवला,’ असं मी म्हटलं. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. बाकं वाजली. दुसऱ्या दिवशी स्थानिक वर्तमानपत्रात माझ्या नावासह बातमी.

भाषणाच्या दिवशीच, जेवणाच्या सुट्टीनंतर, पात्रता विभागातले एक अधिकारी माझ्यापाशी आले होते. हातात एक झेरॉक्स होती. तीच त्रुटी यादी, वर आमच्या महाविद्यालयाचा आवक शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख. ‘मॅडम, आम्ही वेळेत कळवलं होतं,’ एवढंच म्हणाले. आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. मी ‘बघते’ म्हणाले आणि झेरॉक्स पर्समध्ये ठेवली.

पुढच्या बैठकीत पहिला विषय नेहमीप्रमाणे मागील सभेचं इतिवृत्त कायम करणे. उभं राहून दोन वाक्यांत दुरुस्ती करायची संधी तीच होती. सगळ्यांबरोबर मीही ‘मंजूर’ म्हणाले.

नव्या वर्षाच्या प्रवेशांच्या तोंडावर विद्यापीठाचं परिपत्रक आलं. ‘अधिसभेत व्यक्त झालेल्या भावना विचारात घेऊन’ अशी त्याची सुरुवात होती. अन्य राज्यांतल्या मंडळांच्या विद्यार्थ्यांना स्थलांतर प्रमाणपत्राशिवाय तात्पुरता प्रवेशही देऊ नये. दिल्यास जबाबदारी प्राचार्यांची. प्रवेशच नाही म्हटल्यावर निकाल राखून ठेवायची पाळी कुठून येणार? विद्यापीठाच्या बाजूने पाहिलं तर तक्रारीचं निवारण चोख झालं होतं. मी पोचवलेल्या ‘समाजाच्या प्रतिसादा’चं हे फळ.

अण्णांनी ते परिपत्रक खिडकीच्या काचेवर चिकटवलं. सीमेपलीकडून येणाऱ्या मुलांच्या हातात मायग्रेशन पडायला पंधरा-वीस दिवस जातात, आणि आमच्या गुणवत्ता यादीची तारीख तेवढी थांबत नाही. आली ती मुलं काचेवरचं वाचून परत जाऊ लागली. मी अण्णांना म्हटलं, ‘हमीपत्र घेऊन, तारीख घालून करता येईल की.’

‘आता नाही येत, मॅडम.’

परिपत्रक मागे घ्यावं असा अर्ज मी कुलसचिवांकडे दिला. या वेळी झेरॉक्सही जोडली आणि चूक आमच्या महाविद्यालयाची, म्हणजे माझी, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर लवकर आलं: विषय शैक्षणिक असल्याने विद्यापरिषदेपुढे ठेवण्यात येईल. विद्यापरिषदेवर मी नव्हते. २०२२ मध्ये माझी मुदत संपली, तोवर तो विषय कुठल्याही कार्यक्रमपत्रिकेवर आलेला नव्हता.