केस पेपर, चिठ्ठी आणि वार

परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या आम्हा भावंडांना डॉक्टर शोधावा लागतो हे ठाऊकच नव्हतं. रेशनच्या दुकानासारखा तोही घराला ठरलेला असायचा. औषधाची बाटली घरून न्यायची, आणि ती नीट धुतलेली नसली तर कंपाउंडर चारचौघांत बोलायचा. गुलाबी मिक्श्चर, बाटलीवर कातरलेल्या कागदाची पट्टी, एका खाचेएवढा डोस. बाबा गिरणीत असल्यामुळे आणखी एक विम्याचा डॉक्टर होता. कामगार विमा योजना मुंबईत १९५४ साली आली. तिथे औषधापेक्षा रजेच्या सर्टिफिकेटसाठीच गर्दी असते असं बाबा म्हणायचे, आणि गावी पालखीला जायचं झालं की स्वतःच त्या रांगेत उभे राहायचे.

खरी धावपळ मोठ्या दवाखान्याची. तो तर आमच्या उंबऱ्यावरच होता. १९२६चं केईएम, शेजारी वाडियांची बाळंतपणाचं आणि मुलांचं अशी दोन, १९४१चं टाटा. त्यामुळे गावचा पेशंट भाऊच्या धक्क्यावर बोटीतून उतरला की वळकटीसकट आमच्या खोलीवर यायचा. कुणाची मूत्रपिंडं, कुणाच्या घशातली गाठ, कुणाची मूल न होणारी सून. आम्ही पोरं गॅलरीत झोपायला जायचो. नात्याचा आहे की नुसता वाडीतला, हे आईने कधी विचारलं नाही. पथ्याची पेज मात्र वेगळ्या टोपात शिजायची.

मग ठरलेल्या डॉक्टरांकडे जाऊन चिठ्ठी आणायची. तेव्हाचे नावाजलेले सर्जन, फिजिशियन दुपारनंतर स्वतःच्या कन्सल्टिंग रूममध्ये बसायचे आणि सकाळी सरकारी-म्युनिसिपल दवाखान्यांत ऑनररी म्हणून काम करायचे. गिरणगावातल्या माणसाला बाहेर त्यांची फी परवडली नसती, पण तेच हात केईएममध्ये मिळायचे. फक्त कोणत्या युनिटची ओपीडी कोणत्या वारी, हे माहीत हवं. आमच्या मजल्यावर ते वार पाठ असणारी माणसं होती. पहाटे कोण केस पेपरच्या रांगेत उभं राहणार, डबा कोण नेणार, रक्त द्यायची वेळ आली तर तालमीतली कोणती मुलं येतील, हे रात्री कठड्याला टेकून ठरायचं. चिठ्ठीने रांग चुकत नसे, ही गोष्ट मला आजही कौतुकाची वाटते. फक्त आत पोचल्यावर डॉक्टर मान वर करून बघत.

आजार होऊ नये म्हणून जे करायचं तेही घरच ठरवी. शाळेला सुट्टी लागली की सुंठीच्या काढ्यातून एरंडेल. नाक दाबून गिळायचं आणि मग दिवसभर चाळीच्या सामाईक संडासाबाहेर नंबर लावायचा. एकाच दिवशी सगळ्या मजल्याने एरंडेल घेऊ नये एवढं शहाणपण बायकांना अनुभवाने आलं होतं. आज डॉक्टर त्याला काही अर्थ नाही म्हणतात. नसेलही. पण देवी काढणं तसं नव्हतं. म्युनिसिपालिटीचा टोचणारा माणूस जिन्यात दिसला की दादा गच्चीवर पळायचा, आणि शेजारचे मामाच त्याला धरून आणायचे. पुढे भिंतींवर रंगवलेलं असायचं की देवीचा रोगी कळवणाऱ्याला हजार रुपये बक्षीस. आम्ही मधल्या सुट्टीत रोगी शोधत हिंडलो, मिळाला नाही. १९७५मध्ये देशातली देवी संपली, १९८०मध्ये जगातून गेल्याचं जाहीर झालं. आमच्या घरातल्या शेंडेफळाच्या दंडावर देवी काढल्याचा वण नाही. ट्रिपल आणि पोलिओ मात्र त्याला आईने एकही न चुकवता दिले. तारखा तिने दिनदर्शिकेवर दुधाच्या हिशेबाशेजारी मांडून ठेवल्या होत्या.

त्या हिशेबात तिचं स्वतःचं काही नव्हतं. बाळंतपणं सोडली तर तिचं ब्लड प्रेशर कुणी मोजल्याचं आम्हाला आठवत नाही. त्या दिवसांच्या आठवणी निघाल्या की आमच्यात नेहमी त्या आपुलकीचे गोडवे गायले जातात, आणि ताई दरवेळी ते थांबवते. तिचं म्हणणं, ती सगळी तजवीज पोरांसाठी, कमावत्यासाठी आणि पाहुण्यासाठी होती. राबणाऱ्या बाईने आपल्यासाठी केस पेपर काढायचा म्हणजे ती आडवीच पडलेली हवी. आईची साखर कळली ती पायाची जखम भरेना तेव्हा. गावच्या कितीतरी बायकांना टाटाच्या रांगेत सोबत करणाऱ्या बाईची ही गोष्ट.

आता आम्ही बहुतेक सगळे साठीच्या आसपास. कोणी डोंबिवलीला, कोणी विरारला, आणि घराचा असा डॉक्टर कुणालाच नाही. मोबाइलवर आमचा भावंडांचा ग्रुप आहे. तिथे गुडघ्याचा चांगला डॉक्टर विचारला की हव्या तेवढ्या नावांचा पाऊस पडतो आणि भांडणं होतात. दादा पावसाळ्याआधी फ्लूची लस घेतो आणि बाकीच्यांना पिडतो. ताईने घरातल्या बायकांची जबाबदारी उचलली आहे. कुणाची मॅमोग्राफी झाली, कुणाची गर्भाशयाच्या मुखाची तपासणी राहिली, कुणाची साखर बघायची, सगळं तिच्या वहीत. परवा मोठ्या वहिनी तिला म्हणाल्या, "अगं, मला काहीसुद्धा होत नाहीये, मग कशाला?"

"ते मी विचारलंच नाही वहिनी," ताई म्हणाली. "तुम्हाला जमणारा वार सांगा."