पाच नद्यांचे पाणी आणि तीन रविवार

कोल्हापूरच्या माणसाला पाण्याचे वेड काही नवे नाही. रंकाळ्यावर एक फेरी झाल्याशिवाय त्याचा रविवार सरत नाही, आणि पंचगंगेला पूर आला की पाणी किती चढले ते बघायला तो घाटाकडे धावतो. परंतु पाण्याच्या काठावर उभे राहणे वेगळे आणि पाण्यावरून प्रवास करणे वेगळे. कॅनडासारख्या देशात माणसे हलकी होडी घेऊन एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात. मध्ये जमीन आली की होडी खांद्यावर घेतात. संध्याकाळी गळ टाकतात आणि मिळालेला मासा काठावरच शिजवून खातात. हे ऐकल्यापासून आमच्या वस्तीतल्या सहा घरांत एकच चर्चा सुरू झाली. असा प्रवास आपल्याकडे का होऊ नये? नद्या आहेत, धरणे आहेत, मासेही आहेत. मग आम्ही जिल्ह्याचा नकाशा पसरला आणि बेत आखायला बसलो. त्या बेताची ही हकिकत.

नकाशा काय सांगतो

कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार नद्या आणि लोकांच्या समजुतीतली गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा होते. करवीर तालुक्यातल्या चिखलीजवळच्या प्रयाग संगमापासून तिला पंचगंगा म्हणतात. तिथून कोल्हापूर, रुकडी, इचलकरंजी असे करत ती नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. हे अंतर सुमारे ८० किलोमीटर भरते.

वरच्या अंगाला धरणे आहेत. भोगावतीवर राधानगरीचे धरण, त्यात ८.३६ टीएमसी पाणी मावते. तुळशीचे ३.४७, कासारीचे २.७७ आणि कुंभीचे २.७१ टीएमसी. पलीकडच्या खोऱ्यात दूधगंगेवर काळम्मावाडीचे मोठे धरण, ते २५.३९ टीएमसीचे. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी.

आमचा पहिला बेत साधा होता. राधानगरीच्या खाली होडी घालायची आणि नृसिंहवाडीला उतरायचे. कागदावर रेघ छान दिसली. पण जाणत्या माणसांना विचारत गेलो तशी ती रेघ तुटत गेली.

वाटेतले बंधारे

पहिली अडचण बंधाऱ्यांची. नदीत दगडी खांब उभे करायचे, पावसाळा संपला की खांबांच्या मध्ये बरगे घालून पाणी अडवायचे, आणि पुढच्या पावसाळ्याआधी बरगे काढून नदी मोकळी करायची. या रचनेला देशभर 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' असेच नाव आहे. शेतकऱ्याचा ऊस त्याच्यावर उभा आहे. पण होडीवाल्याला तो म्हणजे वाटेत घातलेली भिंत.

भोगावतीवर शिरगाव, तारळे, राशिवडे, हळदी असे बंधारे आहेत. पंचगंगेवर राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड आणि शिरोळ. म्हणजे नुसत्या पंचगंगेवर सहा ठिकाणी होडी बाहेर काढायची, सामान उतरवायचे, काठाने वाहून न्यायचे आणि पुन्हा पाण्यात घालायची. अडलेल्या पाण्याला ओढ नसते, तेव्हा पोराबाळांसह दिवसाला दहा-बारा किलोमीटर झाले तरी पुष्कळ. ८० किलोमीटरला आठवडा लागणार. ज्याचा पगार हजेरीवर आहे त्याने आठवड्याचा खाडा कसा करायचा?

बंधाऱ्याचा धोकाही समजून घेतला पाहिजे. वरून पाणी शांत दिसते, पण बरग्यांच्या फटींतून ते जोराने खेचले जाते. त्या ओढीत सापडलेला माणूस सहज सुटत नाही. म्हणून बंधाऱ्यापासून निदान दोनशे पावले वरच्या अंगालाच होडी काठाला लावायची, असा नियम आम्ही लिहून ठेवला. शेतीपंपांच्या पाइपांची तोंडे जिथे पाण्यात असतात, तिथेही जायचे नाही.

पावसाळ्यात नाव नको

दुसरी गोष्ट पुराची. राधानगरीच्या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. तलाव भरला की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात. एक दरवाजा उघडला की सेकंदाला १,४२८ घनफूट पाणी नदीत येते. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तिथे पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. त्याच पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी नाव उलटली आणि कितीतरी जीव गेले. नावेत तिच्या ताकदीपेक्षा जास्त माणसे होती. ती माणसे हौसेने बसली नव्हती, जीव वाचवायला बसली होती. आपण हौसेने बसणार, तेव्हा आपली जबाबदारी दुप्पट. जून ते सप्टेंबर होडीचे नाव काढायचे नाही. पाऊस संपून बरगे बसले, की नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले.

जंगलातले पाणी जंगलाचे

तिसरी गोष्ट राधानगरी अभयारण्याची. आपण त्याला दाजीपूर म्हणून ओळखतो. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले हे अभयारण्य १९५८ सालचे, महाराष्ट्रातले पहिले. राधानगरी आणि काळम्मावाडी या दोन्ही जलाशयांना ते लागून आहे. खरे रान आणि खरी शांतता तिथेच. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तिथे परवानगीवाचून शिरणे आणि मासे धरणे हा गुन्हा आहे. शिवाय पहाटे आणि सांजेला गवे पाण्यावर येतात. त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये माणसाने जाऊ नये. तेव्हा तिथे गळ नाही आणि होडी नाही. वनखात्याची रीतसर परवानगी काढून पाहून यायचे, एवढेच.

होडी कुठली?

आमच्याकडे नदीकाठच्या गावांत अडीअडचणीला गुळाची काहील पाण्यात सोडतात. ज्या काहिलीत उसाचा रस उकळतो, तीच पुराच्या वेळी माणसे आणि वैरण पैलतीराला नेते. पण काहील गोल. तिला पुढची बाजू नाही, मागची नाही. वल्हे मारले की ती जागच्या जागी गिरक्या घेते. धरणावरचे मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळी टाकतात. त्यांचा तोल जन्माचा, आपला नाही. म्हणून मच्छीमाराची चांगली नाव, ती चालवणारा तिचा मालक, आणि प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट. जाकिटे जेवढी तेवढीच माणसे नावेत. नाव निघाल्यावर उभे राहायचे नाही, आणि पिऊन आलेल्याला नावेत जागा नाही, मग तो कितीही जवळचा असो.

मासा कुठे, गळ कसा

तलावात कटला, रोहू, मृगळ हे मासे असतात. या जातींना अंडी घालायला पुराचे वाहते पाणी लागते. तळ्याच्या थांबलेल्या पाण्यात त्यांची वीण होत नाही. म्हणून मच्छीमार सहकारी संस्था ठेका घेऊन तलावात बोटुकली सोडतात आणि ती वाढण्याची वाट बघतात. आपल्या गळाला लागलेला कटला हा कुणाच्या तरी घामाचा पैसा असतो. तेव्हा संस्थेला विचारल्याशिवाय गळ टाकू नये, आणि पैसे मागितले तर पावती घेऊन द्यावेत.

कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाशी. त्या हिशेबाने गळ खोल किंवा उथळ सोडावा. कणकेच्या गोळीला हे मासे येतात, गांडुळाला मरळ आणि चिलापी. चिलापी मूळची आफ्रिकेतली. ती सगळीकडे पसरली आहे, तेव्हा ती पोरांनी हवी तेवढी धरावी. मरळ मात्र आपल्या पिलांची राखण करते. पाण्याच्या वर पिलांचा लालसर थवा दिसला तर तिथे गळ टाकू नये. एक आई मेली तर सगळा थवा जातो.

आणखी एक. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरायची आपल्याकडे मोठी हौस. ते मासे अंडी घालायलाच वर चढत असतात. पोटात हजारो अंडी असलेली मादी आपण कालवणात घालतो आणि मग नदीत मासा राहिला नाही म्हणून हळहळतो. जिलेटिनचा बार उडवून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारणे तर १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे.

खालच्या पट्ट्यात, इचलकरंजीच्या पुढे, नदीत सांडपाणी फार मिसळते. तेरवाड बंधाऱ्याजवळ मेलेल्या माशांचा खच पडल्याचे अनेकदा दिसले आहे. तसा मासा फुकट मिळाला तरी घरात आणू नये.

बायकांचा प्रश्न

इथवर बेत आला तेव्हा घरातल्या बायकांनी एकच प्रश्न विचारला. "नावेत आम्हीही बसणार, की काठावर चूल पेटवून तुमची वाट बघणार?" प्रश्न रास्त होता. ठरले ते असे. चूल मांडायचीच नाही. आदल्या रात्री भाकरी, झुणका, खर्डा घरोघर करायचा, आणि कांदा चिरायला, भाकऱ्या बांधायला पुरुषांनी बसायचे. नावेच्या पहिल्या फेरीत मुली आणि बाया. पोहणे शिकायचे तेही मुलामुलींनी बरोबरच. पूर्वी पाठीला पत्र्याचा डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत ढकलत, आणि शिकायची फक्त पोरे. दहा वर्षांवरच्या प्रत्येकाने आधी पोहायला शिकायचे, मगच नाव, ही अट सगळ्यांनी मान्य केली.

वस्तीतली एक आजी हे सगळे ऐकत होती. ती म्हणाली, "आमच्या लहानपणी पाणवठ्यावर घागर खाली ठेवायची आणि कुणी वरून ओतील का म्हणून उभे राहायचे. तुम्ही तर पाण्यात बसायला निघालात." आम्ही सगळे गप्प झालो. राधानगरीचे धरण बांधायला घेणाऱ्या राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये असा हुकूम काढला. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्यावे लागले, तेव्हा कुठे पाणी सर्वांचे आहे हे देशाने ऐकले. आज आम्ही तळ्यावर जाताना परवानगी मागतो ती मच्छीमार संस्थेची आणि सरकारी खात्याची. जातीची परवानगी कुणाकडे मागत नाही. हौसेची सहल ही आपल्या घरांत लहान गोष्ट नाही, ती यासाठी.

ठरले ते तीन रविवार

लांबची सफर सोडून आम्ही तीन रविवार ठरवले. मध्ये पंधरा-पंधरा दिवस, म्हणजे पगारालाही ओढ बसत नाही.

पहिला रविवार भोगावतीचा. एस.टी.ने हळदीला जायचे. बंधाऱ्यामागे पाणी तुंबून लांबट तळेच होते. आधी नदीच्या वरच्या अंगाला वल्हवत जायचे, म्हणजे दमल्यावर परत येताना पाणी मदतीला असते. दुपारी काठाच्या सावलीत जेवण.

दुसरा रविवार गळाचा. राधानगरी तालुक्यात धामोडजवळ तुळशीचे धरण आहे. संस्थेची परवानगी आधी काढून ठेवायची. सकाळी लवकर पोचायचे, कारण ऊन चढले की मासा खोल जातो. वीतभराच्या आतला मासा गळातून सोडवून परत पाण्यात सोडायचा.

तिसरा रविवार काठाकाठाने. सकाळी चिखलीला प्रयाग संगम पाहायचा. तिथून रुकडीवरून मानगाव. २१ आणि २२ मार्च १९२० ला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली ते हे गाव. शाहू महाराज स्वतः तिथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला असे लोकांना सांगून गेले. पोरांना ते ठिकाण दाखवायचे. संध्याकाळी नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम काठावरूनच पाहायचा. कृष्णेत मगरी आहेत, तेव्हा तिथे पोरांना पाण्यात सोडायचे नाही.

खर्च म्हणाल तर एस.टी.चे तिकीट, नावेचे भाडे आणि जाकिटांचे भाडे. २०२३ पासून बायकांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे, त्याचाही हातभार लागतो. सहा घरांनी दर आठवड्याला थोडे थोडे बाजूला टाकायला सुरुवात केली आहे. बरोबर घ्यायचे ते असे : पिण्याचे पाणी, लांब दोर, शिट्टी, मलमपट्टी, टोप्या आणि कचरा परत आणायला एक पोते. निघण्याआधी कुठे जातो आणि केव्हा परतणार, हे गावच्या पोलीस पाटलाला आणि घरी राहिलेल्या माणसांना सांगून जायचे.

वाचक बंधुभगिनींनो, तुमच्या गावाजवळही एखादी नदी, एखादा पाझर तलाव असेलच. नकाशा मांडा, जाणत्यांना विचारा, आणि पहिल्यांदा मुलींना पोहायला शिकवा. मग एक रविवार पाण्यावर काढा.